भाग दोन रिजेक्ट

माझ्यावर एक गाणं आहे. कौतुकाचं नाही, पाणउताऱ्याचं. पाच वर्षं ते कंपनीच्या बसमध्ये वाजत होतं आणि पाच वर्षं मी खिडकीबाहेर बघत बसत होतो. ते गाणं ज्यानं केलं त्या रॅपरचा दुसरा अल्बम येतोय अशी बातमी आली, तेव्हा मी देवापुढं हात जोडून एकच मागितलं: अल्बम आपटू दे. मुलीच्या दहावीच्या वेळीसुद्धा मी इतकं मनापासून काही मागितलं नव्हतं.

मी तेव्हा शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. गिअरबॉक्सच्या पिना तिथं बनायच्या आणि त्या मापात आहेत की नाहीत हे मी ठरवायचो. मापात असली तर हिरवा ठिपका, नसली तर लाल. आमच्या घरात कारकुनी पिढ्यानपिढ्या चालत आलेली; आजोबा निजामाच्या काळात महसूल कचेरीत, वडील तहसीलमध्ये. दुसऱ्यानं केलेलं काम डोळ्यांजवळ धरायचं, त्यातली चूक काढायची आणि खाली सही ठोकायची, हे आमच्या अंगातच आहे. लोकांना ते आवडत नाही. मला आवडायचं.

गाणं येण्याआधी तो रॅपर आमच्याकडंच तीन नंबरच्या लाइनवर ठेकेदारीत होता. बावीस-तेवीसचा असेल. पिनांच्या कडा घासायचं काम. हात चालू असताना पायानं लोखंडी ट्रेवर ठेका धरायचा आणि काहीतरी पुटपुटत असायचा. मी दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा हटकलं तेव्हा म्हणाला, "साब, हात तो नहीं रुकता ना?" हात खरंच थांबत नव्हता, म्हणून मला जास्त राग आला.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता आणि त्याच्या आदल्या वर्षीही बेताचाच झाला होता. शहरात नळाला आठव्या-नवव्या दिवशी पाणी यायचं. पाण्याचा दिवस असला की लोक सुट्टी टाकायचे. एकीकडं जालना रोडला रोज एखादी नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि तिच्या मागच्या गल्लीत निळ्या ड्रमांची रांग लागलेली असायची. कारखान्यालाही टँकर लागले. प्यायच्या पाण्याचे दोन कूलर होते. एक शॉपवर, म्हणजे मशिनींच्या हॉलमध्ये, तो मार्चमध्येच कोरडा पडला. दुसरा माझ्या क्वालिटी रूममध्ये. तिथं एसी होता, पिना मोजायचे गेज होते, आणि गार पाणी होतं.

लाइनवरचे सगळे बाटल्या घेऊन माझ्याकडं यायला लागले. आधी बाटल्या, मग कॅन. मी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी गुलमंडीवरून एक पितळी कुलूप आणून कूलरच्या झाकणाला आणि तोटीला साखळी घालून लावलं. मॅनेजरसाहेबांना सांगितलं की पाणी सांडतं, गेजना गंज चढतो, पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. त्यांनी मान डोलावली. किल्ली माझ्या खिशात.

आता इथं खरं सांगून टाकतो, कारण पुढं ते मला भर बसमध्ये सांगावं लागलं. गेजना गंज चढत नव्हता. मी रोज दुपारी शिफ्ट सुटायच्या आधी पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरायचो, एका निळ्या बॅगेत घालायचो आणि घरी न्यायचो. घरी आई होती, बायको होती, मुलगी लहान होती. सगळ्यांना पाणी वाटत बसलो असतो तर दुपारपर्यंत माझ्या कॅनसाठी काही उरलं नसतं. एवढाच हिशोब होता. पाण्याला कुलूप म्हटलं की आपल्याकडं त्याचा अर्थ नुसतं कुलूप एवढाच राहत नाही, हेही मला तेव्हा कळत होतं. तरी लावलं.

बसमध्ये माझ्या शेजारी एक काका बसायचे. मूळचे बिडकीनचे. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, मग मुकुंदवाडीत दोन खोल्या घेऊन राहिले आणि पन्नाशीत मशीनवर उभं राहायला शिकले. क्रांती चौकातून बस निघायची, मुकुंदवाडीला काका चढायचे. माझ्या शेजारची जागा त्यांची, हे सगळ्या बसला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी ती निळी बॅग बघून विचारलं होतं, "साहेब, ह्यात काय हाय?" मी म्हणालो, गेज आहेत, तपासणीला शहरात न्यायचेत. त्या दिवसापासून परतीच्या वाटेवर ते बॅग स्वतःच्या दोन पायांत धरून बसायचे. खड्डा आला की दोन्ही हातांनी दाबायचे. "आदळलं तर माप बिघडंल," म्हणायचे. दोन महिने त्यांनी माझं पाणी असं सांभाळून नेलं.

त्याच उन्हाळ्यात काका सारखी सुपारी चघळायला लागले. लाइनवर काही खायला बंदी होती. मी त्यांनासुद्धा हटकलं. नियम म्हणजे नियम. त्यांनी तोंडातली सुपारी काढून खिशात ठेवली.

जूनमध्ये त्या पोराचा ठेका संपला आणि तो दिसेनासा झाला. मी खूश होतो. दिवाळीच्या आसपास त्याचा पहिला अल्बम आला, ‘नळाचा दिवस’. आठ गाणी, अर्धी मराठी, अर्धी आपल्या गल्लीतली दखनी. टँकरवर एक, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या लाइनमनवर एक, ड्रमावरून भांडणाऱ्या दोन जावांवर एक. आणि चौथं गाणं, ‘कुलूप’.

"पानी थंडा, साब गरम, कूलर को कुलूप, शरम कर शरम." पुढच्या कडव्यात: "साब की नीली बॅग में क्या? चलते में बोले छलक छलक." नाव कुठंच नव्हतं. नावाची गरजही नव्हती. पहिल्यांदा बसमध्ये ते वाजलं तेव्हा ‘शरम’वर सगळी बस एका सुरात ओरडली आणि मग माझ्याकडं बघून खदाखदा हसली. त्या दिवसापासून मी ‘कुलूपसाहेब’ झालो. सिक्युरिटीवाला सुद्धा नमस्कार करताना ओठ दाबायचा. मुलीच्या शाळेत एका मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "ते गाण्यातले तुम्हीच का हो?" मधल्या काळात शहराचं नाव बदललं, बसच्या काचेवरची पाटी बदलली, माझं नाव काही बदललं नाही.

काका एकटे माझ्या बाजूनं उभे राहिले. बसमध्ये उठून म्हणाले, "कुलपाचं मला ठावं नाय. साहेबानं नियमानं लावलं आसंल. पर पिशवीचं साफ खोटं हाय. त्यात गेज ऱ्हायचे, म्या सोता पायात धरून बसायचो." काका खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळं बॅगेचं कडवं पोरानं रचलेलं आहे असं ठरलं. गाणं मात्र चालूच राहिलं, कारण ठेका भारी होता. ते लागलं की काका पुढं जाऊन ड्रायव्हरला म्हणायचे, "बदल की रं बाबा." कधी तो बदलायचा, कधी नाही.

मी काय केलं? मी डूख धरला. ज्या लाइनवरून गाण्याची सगळ्यात जास्त फर्माईश व्हायची, त्या लाइनच्या पिना मी दोनदा मोजायचो. खोटा लाल ठिपका कधी दिला नाही, तेवढं माझ्या हातून होत नाही. पण दोनदा मोजल्यावर सापडायचंच काही ना काही. मोबाइलवर एक भलत्या नावाचं खातं उघडलं आणि त्या पोराच्या प्रत्येक व्हिडिओखाली चार ओळी टाकायचो. व्याकरण काढायचो, यमक काढायचो, शर्टाचा रंगसुद्धा काढला. तो मोठा होत गेला. आधी इथल्या कॉलेजांत, मग पुण्याला, मग मुंबईला. बायको म्हणायची, सोडा आता. मी सोडलं नाही. अजूनही सोडलेलं नाही.

मग ‘नळाचा दिवस, भाग दोन’ आला. शुक्रवारी सकाळी. मी रजा टाकली. पाण्याचा दिवस नव्हता तरी रजा टाकली, हे बायकोला चमत्कारिक वाटलं. मी इन्स्पेक्शनचा कोरा फॉर्म घेऊन बसलो, कानात इअरफोन घातले, आणि अकराच्या अकरा गाणी तीनदा ऐकली. दोष असेल तिथं लाल पेन.

फॉर्म लालेलाल झाला. विमानतळावर एक गाणं, घड्याळावर एक, गाडीवर दोन. पहिल्या भागात ड्रमाचा रंग कळायचा, लाइनमनच्या हातातली टी-आकाराची किल्ली दिसायची. इथं नुसतं ‘मी आलो, मी जिंकलो’. नळ फक्त नावात राहिला होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पण खरं सांगायचं तर मी दोष शोधत नव्हतो. मी स्वतःला शोधत होतो. वाटत होतं, याही वेळी असेल एखादं कडवं. एखादी नवी शिवी तरी, किंवा, माणसाच्या मनात काय काय येतं, एखादी माफीही. एका गाण्याचं नाव होतं ‘जळणारे’. हे माझंच, म्हणून मी ते सात वेळा ऐकलं. ते मुंबईच्या कुठल्या तरी दुसऱ्या रॅपरवर होतं. कूलर नाही, कुलूप नाही, शेंद्रा नाही. त्यानं मला पाच वर्षं बसमध्ये बसवून ठेवलं होतं आणि स्वतः मला विसरून गेला होता. इतका राग मला त्या पहिल्या गाण्याचाही आला नव्हता.

शनिवारी दुपारी परतीच्या बसमध्ये वाद पेटला. आमच्या ड्रायव्हरदादाचा नियम असा की पेन ड्राइव्हमध्ये त्या पोराचा एकच अल्बम राहील. दोन ठेवले तर रोज भांडणं, बस चालवू की निवाडे करू, असं त्याचं म्हणणं. तेव्हा हात वर करून ठरवायचं: पहिला राहील की दुसरा. जो हरेल तो पुसून टाकायचा. आणि नेमकी चिकलठाण्याच्या पुढं बस अडकली. नव्या पाइपलाइनसाठी रस्ता अर्धा खणून ठेवलेला, माणूस उभा राहील एवढे मोठे पाइप कडेला पडलेले, आणि त्यांच्यामधून एक टँकर उलटा घ्यायचा चाललेला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "चला, आता निवांत भांडा."

काकांनी मला कोपरानं ढोसलं. हळूच म्हणाले, "साहेब, गप बसा आज. दुसरा निवडून आला तर तुमचं गाणं कायमचं पुसलं जातंय. पाच सालाची पीडा टळंल." त्यांचा चेहरा खरंच फुलला होता. लेकीचं लग्न ठरल्यासारखे ते बसभर बघत होते आणि दुसऱ्या भागाकडं किती हात येतील ते मोजत होते.

ते बरोबर होतं. मला फक्त तोंड मिटून बसायचं होतं. बसचा कल दुसऱ्या भागाकडंच होता. त्याची बाजू एक डिप्लोमावाली ट्रेनी मुलगी मांडत होती. चुणचुणीत होती, घाबरत नव्हती कुणाला. ती म्हणाली, "तो काय जन्मभर टँकरवरच गाणार का? पोरगं झोपडीतनं विमानात बसलं, तर विमानाचं गाणं नाय करायचं? आपल्याला काय, त्याला तहानलेलाच बघायचंय?" पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणी म्हणालं, आवाज किती साफ आलाय, भारी स्टुडिओ आहे. कुणी म्हणालं, पहिला ऐकून ऐकून कान किटले. एकजण म्हणाला, दोन्ही आपापल्या जागी चांगलेत, त्याला सगळ्यांनी खाली बसवलं.

मी खिशातून फॉर्म काढला. काका म्हणाले, "साहेब." मी उठलो.

माझं पहिलंवहिलं बसमधलं भाषण. मी एकेक गाणं घेतलं आणि सोललं. घड्याळाच्या गाण्यात किती वाजले ते सुद्धा नाही. गाडीच्या गाण्यात रस्ता नाही. ‘नळाचा दिवस’ नाव ठेवलंय आणि अकरा गाण्यांत पाण्याचा थेंब नाही. सुरुवातीला लोक हसले, कुलूपसाहेब बोलतायत म्हणून. मग ऐकायला लागले. तीन नंबरच्या लाइनवाले, ज्यांच्या पिना मी दोनदा मोजायचो, ते सुद्धा माना डोलवायला लागले. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. पाच वर्षांचं उट्टं मी एका दमात काढत होतो. तो मुंबईत कुठं असेल तिथं असो, त्याच्या स्वतःच्या गावात, त्याच्या स्वतःच्या बसमध्ये मी त्याला लाल ठिपका देत होतो.

ट्रेनी मुलगी उभी राहिली. "सर, रागावू नका," ती म्हणाली, "पण तुमचं बोलणं कसं धरायचं? तुमच्यावर त्यानं खोटं गाणं केलं, त्याचा राग तुम्ही ह्या अल्बमवर काढताय. पहिलाच खोटा होता म्हणायचं. मग त्याच्याशी तुलना करून दुसऱ्याला कशाला नावं ठेवायची?"

बस तिच्याकडं झुकली. मला ते दिसलं. चेहरे परत बदलायला लागले, आणि पुढच्या सीटवरचा एक जण म्हणाला, "बरोबर बोलती पोरगी."

आमच्या टेबलावर एक मास्टर असतो. मास्टर म्हणजे अगदी बिनचूक मापाचा एक नमुना, मखमलीच्या डबीत जपून ठेवलेला. नव्या पिनेबद्दल वाद झाला की ती मास्टरशेजारी ठेवायची, मग कुणालाच काही बोलता येत नाही. पण त्यासाठी मास्टर बिनचूक आहे हे आधी कबूल असावं लागतं. मास्टरवरच शंका असेल तर रिजेक्शन टिकत नाही. आयुष्यभर मी असंच काम केलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दुसरा भाग रिजेक्ट करायचा तर पहिला टेबलावर ठेवायला हवा, आणि तो बिनचूक आहे हे मीच म्हणायला हवं. काकांचा चेहरा मला आठवला नाही. आईशपथ आठवला नाही.

"खोटं नाही ते गाणं," मी म्हणालो. "कूलरला कुलूप मीच लावलं. गंजाचं कारण मी साहेबांना सांगितलं, ते खोटं होतं. खरं कारण त्या निळ्या बॅगेत होतं. रोज दोन कॅन पाणी, माझ्या घरी. त्यानं एक शब्द वाढवून लिहिलेला नाही. शब्द न् शब्द मापात आहे. म्हणून ते गाणं पाच वर्षं वाजतंय आणि म्हणून तुम्ही ‘शरम’वर ओरडता. आता मला दुसऱ्या भागातलं असं एक गाणं दाखव, की जे ऐकून कुणाला तरी इतकी लाज वाटेल. एक दाखव, मी खाली बसतो."

ती हळूच खाली बसली. बाहेर टँकरवाला ‘आन दे, आन दे’ करत होता तेवढाच आवाज. मग ड्रायव्हरनं विचारलं, "पहिला ठेवायचा त्यांनी हात वर करा." तीन नंबरच्या लाइनचे हात आधी आले. मग पुढचे. मग त्या मुलीनं स्वतःही हात वर केला. माझ्या नोकरीतलं सगळ्यात पक्कं रिजेक्शन होतं ते. मी फॉर्मवर खाली सही केली आणि बसलो.

मी जिंकलो होतो. मी काकांकडं वळलो, शाबासकीसाठीच बहुतेक.

काका माझ्याकडं बघत नव्हते. ते स्वतःच्या पायांकडं बघत होते. दोन पायांमधल्या रिकाम्या जागेकडं.

"मंग गेज नव्हते त्यात?" त्यांनी विचारलं.

"नाही काका."

"म्या पायात धरून बसायचो."

"हो."

"खड्ड्याला दाबून धरायचो."

त्यांनी दोन्ही पाय जवळ घेतले. मग म्हणाले, "त्या उन्हाळ्यात म्या सुपारी खायचो. तुमी हटकलं व्हतं. ती कशापायी व्हती, ठावं हाय का? मशिनीवर तोंड वलं ऱ्हावं म्हून. थुक सुटती सुपारीनं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मलाही काही बोलता आलं असतं. "पाच साल म्या लोकास्नी सांगत आलो, पोरगं खोटं बोलतंय म्हून."

ते उठले. जागा सोडून दांड्याला धरत धरत पुढं गेले, ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. मला वाटलं, नेहमीप्रमाणं म्हणतील, बदल की रं बाबा.

"लावा दादा," ते म्हणाले. "पयल्यातलं. चौथं गाणं."

गाणं सुरू झालं. ‘शरम’ आलं तेव्हा कुणी ओरडलं नाही, कुणी हसलंही नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा सगळी बस ते नीट ऐकत होती. बॅगेच्या कडव्याला माझ्या ध्यानात आलं की मला ते तोंडपाठ आहे. काका दाराजवळच्या टायरवरच्या सीटवर बसले होते, पाठ माझ्याकडं. मुकुंदवाडी आलं तसे उतरून गेले.

त्या रॅपरला यातलं काही कधी कळलं नसेल. त्याच्या दुसऱ्या भागाला मुंबईत कसलं तरी बक्षीसही मिळालं म्हणतात. मी त्याला माफ केलेलं नाही. चूक त्याची नव्हती हे मला समजतं, म्हणून तर नाहीच करता येत.

सोमवारी पहाटे मी नेहमीसारखा क्रांती चौकात चढलो आणि खिडकीजवळ बसलो. मुकुंदवाडीला काका चढले. बस भरलेली होती, एकच जागा रिकामी होती, माझ्या शेजारची. मी सरकून बसलो, तिच्यावरची माझी डब्याची पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्यांनी जागेकडं पाहिलं. मग वरचा दांडा धरला आणि शेंद्रा येईपर्यंत उभे राहिले.